चौथ्या मजल्याची सरासरी

मार्च आला की आमच्या गेटपाशी पारदर्शक पाकिटं दिसायला लागतात. आत दोन पेनं, एक पट्टी, हॉल तिकीट. पाकीट धरणारा हात दर वर्षी बदलतो, पण त्याच्या मागे उभी असलेली आई तीच वाटते. दही-साखर भरवून झालेली असते आणि तरी तिच्या हातांना चैन नसते, म्हणून ती पोराची कॉलर पुन्हा पुन्हा नीट करत राहते. हे सगळं मी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघते. इतक्या वरून माणसाचा चेहरा दिसत नाही, आधी टाळू दिसते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना मी टकलावरून ओळखते, आणि बायकांना भांगावरून. कोणाच्या केसांचा रंग कधी उतरला, हे त्यांच्या नवऱ्याआधी मला कळतं.

यंदा ती पाकिटं दिसली आणि मागच्या वर्षीचा परीक्षेचा मोसम अंगावर आला. परीक्षा माझ्या नातीची होती, आणि तिच्या उत्तरातला एक आकडा मी होते.

मी खाली कधीपासून उतरले नाही, ते विचारू नका. भाजीवाला हाक मारतो, मी दोरीला बांधलेली पिशवी सोडते, तो कोथिंबीर टाकतो, मी वर ओढते. औषधं तशीच, पेपर तसाच, एकदा तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या बारशाचा पेढाही तसाच वर आला. माझ्यापेक्षा माझ्या पिशवीला जग जास्त माहीत आहे. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. कोपर स्टेशनच्या बाजूला त्या काळी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांना कुठली लिफ्ट? आता रिडेव्हलपमेंट होणार आहे, म्हणजे होणार आहे असं कित्येक वर्षं होत आहे. नव्या लिफ्टमध्ये आरसा असावा की नसावा, यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन घरांचं बोलणं बंद झालं. आरशाचा प्रश्न सुटला नाही आणि लिफ्ट कागदावरसुद्धा चढली नाही.

बरं, हा चौथा मजला घेतला कोणी? मीच. ह्यांनी पहिल्या मजल्यावरची जागा बघून ठेवली होती. मी तेव्हा कळव्याच्या पुढे एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. पांढरा कोट, खिशाला लाल-निळी पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव की न्यूटननंतर मीच. आमचं काम काय, तर तळाला भोक असलेल्या कपात रंग ओतायचा आणि तो किती वेळात गळून जातो ते स्टॉपवॉचवर बघायचं. प्रत्येक डब्यातला रंग तीनदा गाळायचा, तिन्हींची सरासरी काढायची. मग सकाळपाळीच्या डब्यांची सरासरी, रात्रपाळीच्या डब्यांची सरासरी, आणि आलेखाच्या कागदावर दोन ठिपके. महिनाअखेरीला ते ठिपके जोडून मी भिंतीला लावायची आणि दोन पावलं मागे जाऊन बघायची. एखाद्या डब्यातला रंग काकवीसारखा का निघाला, हे विचारायला फोरमन यायचा, तेव्हा मी त्याला भिंतीकडे बोट दाखवायची. सरासरी ठीक आहे ना, मग झालं.

घराच्या बाबतीतही मी हेच केलं. कागद घेतला आणि ह्यांना समोर बसवलं. कामाला एक फेरी, बाजाराला एक फेरी. रविवारी एखादी जास्त, आजारपणात एकही नाही.

"दिवसाला सरासरी दोन फेऱ्या," मी म्हटलं. "दोन फेऱ्यांसाठी समुद्रासारखी हवा सोडायची?"

समुद्र कुठे होता, देव जाणे. खाडी होती, आणि ओहोटीच्या वेळी तिची हवा आली की खिडक्या लावाव्या लागायच्या.

"आणि म्हातारपणी?" ह्यांनी विचारलं.

"म्हातारपणाची सरासरी तेव्हा काढू."

ती बाई मला आता भेटली तर तिची वेणी धरून मी तिला चारही मजले उतरवीन आणि पुन्हा चढवीन. पण तिला त्याचं काहीच वाटणार नाही. दोन-दोन पायऱ्या एकदम घेत, पदर खोचून, हसत चढेल मेली. तिच्याजवळ गुडघे होते आणि अक्कल नव्हती. आता हिशेब उलटा झालाय, आणि दोन्ही एकत्र कधीच का मिळाले नाहीत, याची तक्रार करायला ह्यांचा फोटो तेवढा समोर आहे. तो पहिल्या मजल्याचा विषय काढत नाही, हे त्याचे उपकार.

तर मागच्या वर्षी थंडी सरता सरता मुक्ता आली. माझ्या मुलाची मुलगी. ठाण्याला आईबापांकडे राहते, फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधासाठी तिला गुडघे हवे होते, तेही साठीच्या पुढच्या बायकांचे, कुरकुरणारे. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांत अशा गुडघ्यांची रास पडली होती. दोन गट करायचे. दोघांचे व्यायाम तेच, फक्त 'अ' गटाने ते रबरी पट्टा पायाला बांधून करायचे, 'ब' गटाने पट्ट्याशिवाय. दर शनिवारी प्रत्येकीचा गुडघा किती वाकतो ते मोजायचं. पट्ट्याने फरक पडतो का, एवढाच प्रश्न.

"खाली गायकवाड बाईंकडे जागा आहे, तळमजला आहे," मुक्ता म्हणाली. "तिकडे घेते सगळ्यांना. म्हणजे कोणाला त्रास नको."

"आणि मी काय गॅलरीतून टाळ्या वाजवू?" मी म्हटलं. "माझा हॉल मोठा आहे. आत दिवाणाशिवाय काही नाही. इथेच बोलाव. चहा माझा."

"आजी, चार मजले आहेत. गुडघे दुखणाऱ्या बायका आहेत त्या."

"गुडघे दुखतात, मेल्या नाहीत. सावकाश येतील. आलं घालीन चहात."

मला माणसं हवी होती, इतकंच. घरात दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकून माणूस फ्रिजशी भांडायला लागतो. मुक्ताने कपाळाला आठी घातली, पण तिलाही मला एकटीला टाकून दुपारभर खाली बसायचं नव्हतं. ठरलं.

गट ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या पोह्यांच्या डब्यात. तळमजल्याच्या गायकवाड बाई 'ब' गटात गेल्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना स्वतःला फोनची गरज पडली नसावी. दुसऱ्या मजल्याच्या परब काकूही 'ब' गटातच. त्यांनी 'अ' गटाचे निळे पट्टे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माका पट्टो कित्याक नाय गो?"

"काकू, चिठ्ठीत आलं तसं. तुम्ही ब-चार."

"ब-चार," परब काकूंनी पुन्हा म्हणून बघितलं, जणू रेशनच्या दुकानात त्यांना भलतंच धान्य दिलं होतं.

नावं लिहायची नसतात म्हणे. प्रत्येकीला अक्षर आणि आकडा, गुप्तता राहावी म्हणून. ज्या बायकांना एकमेकींच्या सुनांच्या माहेरचे पत्ते पाठ आहेत, त्यांच्यात गुप्तता. दोन दिवसांत कोड सगळ्यांचे सगळ्यांना माहीत झाले आणि जिन्यात हाका सुरू झाल्या, "काय गं ब-नऊ, कुकर लावलास का?"

मी आधी त्यात नव्हतेच. घरचं माणूस घेऊ नये, असं मुक्ताच्या मॅडमनी सांगितलं होतं. पण 'अ' गटातली एक बाई पहिल्याच आठवड्यात कल्याणला लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. माणूस कमी पडलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, बरं, घे आजींना, नोंद कर तशी. अशी मी राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरले, म्हणजे मैदान माझ्या हॉलमध्ये आलं. मी अ-सात.

त्या दुपारी अजून कानात आहेत. साडेतीनच्या सुमाराला खालून चपलांचा आवाज यायचा. मग कठड्याला बांगड्या घासल्याचा. पहिल्या मजल्यावर थांबणं, दुसऱ्यावर थांबणं, "अगं बाई" म्हणणं, तिसऱ्यावर कोणाच्या तरी दारात वाळत घातलेल्या सांडग्यांची चौकशी. मग माझ्या दारात येऊन दम खात खात आधी मला शिव्या. कोणी म्हणायची हिमालयात घर बांधलंय, कोणी म्हणायची पुढच्या जन्मी उंट हो. मी दार उघडं टाकून चहाचं आधण ठेवायची आणि प्रत्येक शिवी मोजून घ्यायची. आधी 'अ' गट, तो गेला की 'ब' गट. दिवाणावर, खुर्च्यांवर, सतरंजीवर पाय वर-खाली. मुक्ता मध्ये उभी राहून आकडे म्हणायची, आणि बाहेर कोणाची तरी दहावीची मुलगी मोठ्याने इतिहास घोकत असायची. तिच्या सनावळीवर आमचे पाय वर जायचे.

शनिवारी मोजणी. उताणं झोपायचं, टाच जमेल तेवढी मागे ओढायची. मुक्ता गुडघ्याशी कोनमापक लावायची. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटावेत तसं ते असतं. एक पट्टी मांडीला, एक नडगीला. तीनदा मोजायची आणि तिन्हींची सरासरी. पहिल्या शनिवारी ते बघून मला कारखाना आठवला. कप, रंग, स्टॉपवॉच. तेव्हा मी गाळत होते, आता मीच गळत होते.

एप्रिलअखेर मोजण्या संपल्या आणि उन्हाळ्याने झाकण लावल्यासारखं केलं. बायका यायच्या थांबल्या. हॉलमध्ये मुक्ता, मी, पंखा आणि तिचा लॅपटॉप. प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर होती. तिला बाहेर पडता येत नव्हतं तारखेमुळे, मला पायांमुळे. दोघी एका खोलीत इतके दिवस की ती जांभई द्यायची आणि तोंड माझं उघडायचं. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची. तेव्हा ती लॅपटॉपची बॅटरी वाचवत बसायची आणि मी तिला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालायची.

मी कागदांवरचे आकडे वाचायचे, ती ते आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. रंगाच्या कारखान्यात ज्या कामाला माझा महिना जायचा, ते तिथे टिचकीसरशी होतं, हे बघून मला त्या पांढऱ्या कोटवाल्या पोरीची फार कीव आली. पहिल्या टिचकीला मात्र गंमत झाली. मुक्ताने 'अ' गटाला एक आणि 'ब' गटाला दोन असा आकडा दिला होता. सॉफ्टवेअरने कोनांबरोबर गटांचीही सरासरी काढून टाकली.

"आजी, त्याच्या मते आपल्या सगळ्यांचा गट दीड आहे."

"बरोबर आहे त्याचं," मी म्हटलं. "आम्ही सगळ्या दीड शहाण्याच."

मग तिने त्याला समजावलं की हे नुसतं नाव आहे, आकडा नाही. आणि पडद्यावर खांब उभे राहिले. दर आठवड्याला दोन खांब, एक निळा, एक नारिंगी. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक उभी रेघ. ती काय, विचारल्यावर मुक्ता म्हणाली, गटातल्या बायका सरासरीपासून किती लांब पसरल्यात त्याचा अंदाज. मी तिला शेंडी म्हणायला लागले. शेंडी आखूड असली की गट एकसारखा, लांब असली की गटात कोणीतरी बंडखोर आहे.

खांब आठवड्यागणिक वर चढत गेले होते. बायकांचे गुडघे सुधारले होते. पण निळा चढला तसाच नारिंगी चढला. पट्टा बांधलेल्या आणि न बांधलेल्या, दोन्हीकडच्या सारख्याच. मुक्ताने डोळे चोळले.

"पट्ट्याचा काही उपयोगच नाही झाला."

"पण सगळ्या सुधारल्या ना?"

"सुधारल्या. पण मला विचारतील कशामुळे. मी काय सांगू?" ती लहानपणी रडायच्या आधी ओठ आत ओढायची, तसे तिने ओढले.

मी विषय बदलायला म्हटलं, "यात मी कुठे आहे?"

"तू या निळ्यात आहेस."

"निळ्यात कुठे? दिसत नाही मी."

"दिसत नाही तशी. सरासरीत सगळ्या एकत्र असतात."

"म्हणजे मी इथे पण बंदच," मी म्हटलं. विनोद करायला गेले आणि तो घरात तसाच पडून राहिला. दोघींपैकी कोणीच उचलला नाही.

मग तिने सॉफ्टवेअरला सांगून प्रत्येकीची वेगळी रेघ काढली. पडदाभर बारीक करड्या रेघा, गवतासारख्या, सगळ्या उजवीकडे जाता जाता वर वाकलेल्या. आणि त्या गवतातून एकच रेघ खाली येत होती. पहिल्या शनिवारी मध्ये कुठेतरी, मग थोडी खाली, मग आणखी. मुक्ताने झटकन लॅपटॉपचं झाकण लावलं.

"गरम झालाय," ती म्हणाली.

मी विचारलं नाही कोणाची. मला दिवाणावर टाच ओढताना कळतच होतं. गुडघा माझाच आहे, तो मला आधी सांगतो, मग कोनमापकाला. पण शरीरात जे दर शनिवारी थोडं थोडं समजत होतं, ते असं एका रेघेत, सगळ्यांच्या समोरून उलटं चालत जाताना बघणं वेगळं होतं. व्यायाम मी सगळ्यांच्या इतकेच केले होते. पट्टाही होता. चहाही माझाच. आणि माझ्याच घरात येऊन सगळ्या बऱ्या होऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मुक्ता गॅलरीत जाऊन बोलत होती, पण आमच्या घरात गॅलरीतलं बोलणं स्वयंपाकघरात जास्त स्वच्छ ऐकू येतं. अ-सात नात्यातली आहे, उशिरा घेतलेली आहे, तसं कारण लिहून वगळता येईल, मॅडम म्हणत असाव्यात, कारण मुक्ता म्हणत होती, "हो मॅम, पण तिला काढलं तर..." आणि मग नुसतं "हो मॅम. बघते."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी तिच्याजवळ खुर्ची ओढली.

"काढून दाखव."

"काय?"

"मला. काढून दाखव, कसं दिसतं ते."

ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. शेवटी तिने अ-सातच्या ओळीसमोरची खूण काढली. निळा खांब अलगद वर सरकला. त्याची शेंडी आखूड झाली. निळा आणि नारिंगी यांच्यात पहिल्यांदा फट दिसली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. किती नीटनेटका दिसत होता तो आलेख. रंगाच्या कारखान्यातली ती पोरगी असती तर तिने तो तेव्हाच भिंतीला लावला असता आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला असता.

"छान दिसतंय की," मी म्हटलं. "ठेव असंच. पट्टा जिंकला, तू पास, मी सुटले. एवीतेवी मी जगात फारशी नसतेच, तिथे नसले तर काय बिघडलं?"

मुक्ताने खूण परत घातली. खांब खाली बसला.

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

आम्ही दोन दिवस एकमेकींशी फक्त मीठ आणि पाणी यांबद्दल बोललो. दोघींच्याच घरात अबोला धरणं फार जागा खातं. कुठेही वळलं तरी तो आडवा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात गायकवाड बाई उभ्या. हातात कैऱ्यांची पिशवी, गावाहून आलेल्या. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीची वर्गणी गोळा करायला सगळी बिल्डिंग पालथी घालत होत्या.

"मंदाताई, लोणचं घाल. मला अर्धं पाठव. फुकटच्या कैऱ्या नाहीत या." मग मुक्ताकडे बघून, "काय गं डॉक्टर, लागला का निकाल? अ जिंकले की ब?"

"दोन्ही गट सारखेच," मुक्ता कसनुशी हसत म्हणाली. "पट्ट्याने काही फरक नाही पडला."

"पडतोय कसला. पट्टा घेऊन बसलीस. या तुझ्या आजीनं चहाच्या नावाखाली आम्हाला रोज हे चार मजले चढवले, त्यानं सुटले आमचे गुडघे. मी आज बघ, मध्ये कुठं टेकलेसुद्धा नाही. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बसून मी हिच्या सात पिढ्या काढल्या होत्या."

मला हसू आलं. मी वळून बघितलं तर मुक्ता हसत नव्हती. तिने लॅपटॉप पुढे ओढला होता. रेघांचा आलेख उघडला होता. प्रत्येक रेघेवर बोट ठेवून ती पुटपुटत होती, ही तळमजला, ही पहिला, ही शेजारची तळमजला. सगळ्यात जास्त वर गेलेल्या रेघा सगळ्यात खालून येणाऱ्या बायकांच्या होत्या. परब काकूंची जरा कमी, कारण त्यांना दोनच मजले. आणि एक बाई अशी होती, जिला मोजणीला यायला एकही पायरी चढावी लागली नव्हती.

गायकवाड बाई चपला घालता घालता थांबल्या. "काय झालं? मी काही वाईट बोलले का?"

"नाही बाई," मी म्हटलं. "आत या. चहा ठेवते."

"चहा नको बाबा तुझा. त्याचीच ही सगळी करणी."

त्या गेल्यावर मुक्ता माझ्याकडे वळली. "हे सिद्ध होत नाही, आजी. हे मी मोजलंच नव्हतं. तू एकटी आहेस, एका माणसावरून काही म्हणता येत नाही."

"बरं."

"पण तुला काढलं असतं तर हे दिसलंच नसतं. आणि मी लिहून मोकळी झाले असते की म्हाताऱ्या बायकांना निळे पट्टे वाटा." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तू इथेच बसली असतीस, पट्टा बांधून."

तिने प्रबंधात दोन्ही आलेख घातले. सरासरीचे सारखे खांब, त्यांच्या शेंड्यांसकट, आणि शेजारी सगळ्या रेघा, माझी खाली जाणारी धरून. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या एका रेघेवर पेन टेकवलं आणि विचारलं, ही कोण, हिला काय झालं? मुक्ता म्हणाली, "सर, बाकीच्या मोजायला वर यायच्या. ही वरच राहते." त्यांनी पेन बाजूला ठेवलं म्हणे आणि विचारलं, किती वर्षं? तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी भरलेली वांगी करत होते. गॅस बंद केला आणि जराशी बसले.

पास झाली ती. तिच्या आनंदात माझाही आनंद, हे खरंच. पण ती ठाण्याला परत गेली, हॉलमधली सतरंजी गुंडाळून वर ठेवली गेली, आणि नंतरचे महिने मला कोणी विचारू नये. सुटलेल्या गुडघ्यांना घरी कोण बसवतं? गायकवाड बाईंनी पौर्णिमेला विहारात उभं राहून पातेलंभर खीर ढवळली. परब काकू नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन आल्या, रांगेत उभ्या राहून, आणि चार दिवस तेच सांगत होत्या. संध्याकाळी गेटपाशी त्यांचा घोळका जमायचा, हसायचा, मग कुठेतरी चालायला निघून जायचा. मी वरून त्यांचे भांग मोजायचे. कधी कधी त्या मान वर करून हात हलवायच्या. मीही हलवायची. जिना आपल्या जागी होता. मी त्याला दार किलकिलं करून बघायची आणि लावून घ्यायची. इतकी वर्षं मी त्याला घरी जायची वाट समजत होते. आता तो खाली काळोख असलेल्या विहिरीसारखा दिसायचा.

मुक्ता आता ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये लागली आहे. दर रविवारी येते, कोनमापक घेऊन. दिवाळीनंतर तिने मला दाराबाहेर काढायला सुरुवात केली. आधी नुसतं उंबरठ्यापलीकडे. मग अर्धा जिना, जिथे वळण आहे तिथपर्यंत. मग हळूहळू तिसऱ्या मजल्यापर्यंत. तिथे तिने एक खुर्ची ठेवून घेतली. मी जायची, खुर्चीवर बसायची, परत यायची. त्याच्या पुढे नाही. त्याच्या पुढे जायचं म्हटलं की माझ्याजवळ कारणं तयार असायची. दूध गॅसवर आहे. कुरियर येणार आहे. आज अमावास्या आहे, जिचं मला एरवी कधी सोयरसुतक नसतं.

परवाच्या रविवारी मी खुर्चीवर बसले होते. खाली कुठल्याशा दारात एक मुलगा आईला बीजगणिताची सूत्रं म्हणून दाखवत होता आणि चुकत होता. मुक्ता म्हणाली, "थांब, तुला पाणी आणते," आणि वर गेली. वर कडीचा आवाज झाला. मग कुलपाचा. ती पाणी न घेता खाली आली, माझ्यासमोरून गेली, दोन पायऱ्या उतरली आणि तोंड माझ्याकडे करून उभी राहिली. कुर्त्याच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

"हे काय?"

"कुलूप लावलं. किल्ली गायकवाड आजींकडे ठेवणार आहे. आज आपण मोजणी त्यांच्याकडे करतोय."

"अगं, माझा फॅन चालू आहे वर."

"बंद केला."

"देवापुढे दिवा..."

"शांत झालाय. बघून आले."

"मी तुझ्या बापाला सांगेन."

"सांग. फोन पण वरच आहे तुझा."

मी तिच्याकडे बघत राहिले. ही बदमाशी तिच्या आईकडची नाही. ती सरळ माझ्याकडून गेलेली आहे, आणि आपलीच बदमाशी समोरून आपल्यावर चालून आली की काय करायचं, हे मला या वयापर्यंत कोणी शिकवलेलं नव्हतं. मागे बंद दार. पुढे तो जिना. मी पहिल्यांदाच माझ्या घराबाहेर अडकले होते.

मी उठले. कठडा उन्हाने कोमट होता.

"कुठला पाय आधी?" मी विचारलं.

"उतरताना दुखरा आधी. मी पुढे आहे."

मी दुखरा पाय खालच्या पायरीवर ठेवला. त्याने तक्रार केली, मी ऐकून घेतली, आणि दुसरा त्याच्याजवळ आणला. खालून, थेट तळमजल्यावरून, गायकवाड बाईंचा आवाज जिनाभर चढत आला.

"मंदाताई, निघालीस का गं? चहा टाकू?"

"टाका," मी म्हटलं. "पण आच मंद ठेवा."